आयुधपूजेचे दगड

रंगाऱ्याच्या घरात जन्मलेल्या पोराने दगडांच्या नादी लागावं, हे गुंडुरावांच्या वडिलांना मरेपर्यंत पटलं नाही. पण खोड लावली ती घरानेच. कापडावर रंग पक्का बसावा म्हणून आणलेल्या तुरटीतला एक लखलखीत खडा गुंडूने लहानपणी ढापला, आणि तिथून जे वेड लागलं ते लागलंच. बाकीची पोरं गोट्या खेळायची, तेव्हा हा बेट्टदपुरच्या डोंगरावर दगड फोडत बसायचा. वडिलांनी चिडून एकदा सगळा ढीग गटारात ओतला, तर याने गटारात उतरून तो परत वेचला. पुढे त्याच वेडाने सरकारी खात्यात भूवैज्ञानिकाची नोकरी दिली, शहरात चामराजपुरमला घर दिलं, तेव्हा कुठे नातेवाइकांची तोंडं बंद झाली.

आता ते घर विकलं होतं, दसऱ्यानंतर सोडायचं होतं. मुलगा पवनकुमार शहराबाहेर हूटगळ्ळीला फ्लॅटमध्ये राहतो. तिथे या नवरा-बायकोला एक खोली मिळणार होती. "अप्पा, तुम्ही या. दगड नकोत," असं त्याने साफ सांगितलं. गुंडुराव दगडांसाठी जागा शोधू लागले. मग राघवेंद्र नावाच्या एका प्राध्यापकाने कबूल केलं, की दसरा झाला की येतो आणि सगळा संग्रह कॉलेजच्या संग्रहालयात नेतो. तेव्हापासून म्हाताऱ्याला अन्न गोड लागायला लागलं. आपण गेल्यावरही कुणीतरी हे दगड बघेल, एवढंच त्यांना हवं होतं.

दसऱ्याच्या तोंडावर त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. ते पट्टी बांधून आतल्या खोलीत पडून, आणि बाहेर बायकोने, भानुमतीबाईंनी, आयुधपूजा मांडली. दरवर्षी त्या नवऱ्याचा हातोडा धुऊन त्याला कुंकू लावायच्या. या घरातली ही शेवटची पूजा. बाईंच्या मनात आलं, हातोड्याची पूजा होते, मग दगडांनीच काय पाप केलंय? त्यांनी कपाटं उघडली आणि एकेक दगड चिंच आणि साबणाच्या पुडीने घासघासून धुतला.

पट्टी सुटली तसे गुंडुराव कपाटापाशी गेले. प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका असायचा आणि ठिपक्यावर काळ्या शाईने नंबर. दगड कुठल्या गावचा, कुठल्या ओढ्यातला, हे वहीत त्या नंबरापुढे लिहिलेलं असायचं. आता एकाही दगडावर ठिपका नव्हता. कुंकू मात्र सगळ्यांवर होतं. तो तुरटीचा खडा तर पाण्यात विरघळूनच गेला होता.

"नंबर कुठे गेले?" त्यांनी विचारलं.

"ते पांढरे डाग होय? अय्यो, काय चिकट होते! नखाने काढले एकेक," भानुमतीबाई म्हणाल्या. "ज्या दगडांनी आपल्याला जन्मभर भात घातला, त्यांची पूजा नको?"

गुंडुरावांना राग आला, चांगला सणसणीत आला. पण काढायचा कुणावर? उभ्या जन्मात त्यांनी बायकोला त्या कपाटाला हात लावू दिला नव्हता, की दगडांतलं कधी काही सांगितलं नव्हतं. तिला बिचारीला कळणार कुठून?

मग ते नंबर पुन्हा घालायला बसले. चार-दोन ओळखीचे निघाले. बाकी गारगोट्या, अभ्रक, काळे लोखंडी दगड. जात कळत होती, गाव कळत नव्हतं. एका गारगोटीवर त्यांनी अंदाजाने नंबर लिहिला आणि लगेच अंगठ्याने पुसला. खोटं गाव लिहायला हात धजेना. त्या दिवशी म्हातारा कपाटाला टेकून रडला.

ठरल्याप्रमाणे प्राध्यापक आले. दगड हातात घेत, "हा कुठला, सर?" असं विचारत राहिले, आणि गुंडुराव मान हलवत राहिले. शेवटी प्राध्यापक इंग्रजीत, फार अदबीने बोलले. ठिकाण माहीत नसलेला दगड आम्हाला ठेवता येत नाही, सर. बागेत मांडा, शोभून दिसतील. कॉफी संपवली, नमस्कार केला आणि रिकामी गाडी घेऊन गेले.

भानुमतीबाई इतका वेळ दाराशी उभ्या होत्या. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं.

"काय म्हणाले हो?"

"म्हणाले, इतके स्वच्छ दगड कुणाच्या घरी बघितले नाहीत."

बाईंचा चेहरा खुलला. मग भरलेल्या कपाटांकडे बघून त्यांनी विचारलं, "मग नेले का नाहीत?"