कलम चौदा

पाचूबंदरच्या डॉमनिकने पाचवीत शाळा सोडली. त्या वर्षी पापलेट एवढं लागलं होतं की वर्गातली निम्मी मुलं बोटींवर गेली. मास्तर समजवायला घरी आले, तर बापाने त्यांच्याच हातात दोन पापलेटं देऊन त्यांना परत पाठवलं. पुढे चाळीसएक वर्षं समुद्राने डॉमनिकला काही कमी पडू दिलं नाही. अक्षरं तेवढी विसरली.

मच्छीमार सोसायटीच्या कमिटीवर जायचं त्याच्या मनात आलं, तेव्हा मात्र गाडं अडलं. सेक्रेटरी रोझलीनने ठराव करून घेतला होता: उमेदवाराने सोसायटीचे नियम सभेत स्वतः वाचून दाखवायचे.

"मी बोट चालवनारा मानूस. वाचायला तू हायेस ना?"

"मी वाचेन तेच खरं, असं किती दिवस चालायचं, काका?" रोझलीन हसली.

डॉमनिकची सून किंजल शाळेत शिकवायची. दुपारी जेवणं झाली की नियमांचं पुस्तक घेऊन सासरा-सून ओट्यावर बसायची. 'व्यवस्थापन' आलं की डॉमनिक कपाळाला हात लावायचा. "ह्या माशाला लय काटे!"

"सावकाश खा, पप्पा," किंजल म्हणायची.

दीड महिन्याने सभा भरली. डॉमनिक बोट ठेवून एकेक कलम वाचत गेला आणि चौदाव्यावर थांबला. "बर्फ कारखान्यावरची खोली... सभासदांच्या मुलांच्या अभ्यासासाठी राखीव राहील." त्याने मान वर केली. "मग त्या खोलीत आता काय हाय?"

कमिटीतला जुना बोटमालक शांताराम खाकरला. "तुझीच जाळी हायेत. बारा वर्षं झाली."

सगळा हॉल हसला. कान लाल झालेला डॉमनिकही शेवटी हसला. "मला कोनी सांगितलं नाय?"

"वाचलंय कोनी? बर्फ मिळाला, डिझेल मिळालं, आपलं भागलं," शांताराम म्हणाला.

डॉमनिक निवडून आला. दुसऱ्याच सकाळी त्याने जाळी बाहेर काढली. किंजलने तीनदा फरशी धुतली, तरी वास गेला नाही. मुलांना त्याचं काही वाटलं नाही. आठवड्यात सतरा जण येऊन बसू लागले.

कमिटीच्या पहिल्या बैठकीत डॉमनिक म्हणाला, "दहावी झाल्याबिगर कोनालाबी बोटीवर घ्यायचं नाय."

"ऐन हंगामात खलाशी कुठून आणायचे?" शांताराम कुरकुरला.

"मासळी काय, कधी लागते, कधी नाय लागत. मग पोरांनी काय करायचं?"

बरीच वादावादी झाली. शेवटी शांतारामनेही हात वर केला. ठराव डॉमनिकने स्वतःच्या हाताने लिहिला. 'दहावी'ची वेलांटी चुकली होती. रोझलीनने ती तशीच राहू दिली.