मोरपंखी ओरखडा

तिने गाडीखाली पुठ्ठा सरकवला आणि पाठीवर आडवी होऊन आत शिरली. गाडीचा मागचा भाग स्टँडवर उचललेला होता. शेजारी नवी स्किड प्लेट पडली होती. खालून बसणारा मार अंगावर घेणारा तो जाड लोखंडी पत्रा तिने चार दुकानं पालथी घालून आणला होता.

“ही बसली तरी गाडी विकायचीच,” दादा वरून म्हणाला. किल्ली त्याच्या खिशात होती. “दर आठवड्याला मागून ठोकून आणतात. बाबांची नजर गेलीय, हे कुणीतरी मान्य करा.”

“नजर ठीक आहे माझी,” बाबा म्हणाले. “तळ्याकडचा रस्ता खराब आहे.”

बाबा दर बुधवारी गळ घेऊन तळ्यावर जात. दोन वर्षांत एकही मासा घरी आला नव्हता. घरात यावर बरीच थट्टा होई आणि बाबा ती मुकाट्याने ऐकून घेत. गाडी गेली तर हे खुर्चीला खिळतील, असं आई फोनवर रडत म्हणाली, म्हणून ती आली होती. एरवी तिचं येणं कमीच. कॉलेजातली नोकरी सोडून तिने वेल्डिंगचा कारखाना काढला, त्याच्याच मागच्या दोन खोल्यांत राहू लागली, तेव्हा बाबांनी सांगून टाकलं होतं, त्या घराची पायरी मी चढणार नाही. शब्दाचे ते पक्के. तिला ते लागलं होतं, अजून लागत होतं. पण हट्टात ती त्यांचीच लेक, आणि गाडी बाबांकडेच राहणार हे तिने येतानाच ठरवलं होतं.

“तारेचा ब्रश,” तिने हात बाहेर काढला. बाबांनी ब्रश हातात ठेवला.

बोल्टची भोकं गंजाने बुजली होती. ती घासू लागली आणि थांबली. मागच्या आडव्या पट्टीच्या कडेला रंग लागला होता, मोरपंखी. जुन्या ओरखड्यांवर नवे ओरखडे.

हा रंग तिनेच कालवला होता, एका गिऱ्हाइकाच्या जाळीसाठी. उरलेला तिने आपल्या फाटकाजवळच्या दगडाला फासला. दगड बुटका, आरशात दिसत नाही, मागे घेताना भल्याभल्यांच्या गाड्या त्यावर घासतात. गल्ली तिथेच संपते. गाडी वळवायची तर तिच्या फाटकाशीच. आत ग्राइंडर चालू असला की बाहेर कोण आलं, कोण गेलं, काही कळत नाही.

“काय दिसतंय?” दादा वाकला.

खरं सांगितलं असतं तर नजरेचा प्रश्न तिथेच मिटला असता. पण बाबा उघडे पडले असते.

“गंज,” ती म्हणाली आणि जोर लावून रंग घासून काढला. मग बाहीने डोळे पुसले. गंजाचा भुगा डोळ्यांत जातोच.

बाबांनी जॅकने प्लेट खालून वर चढवली.

“आधी सगळे बोल्ट हातानेच लाव. एकच आवळून बसलीस तर शेवटचा भोकात जाणार नाही.”

“माहितेय, बाबा.”

“तुला माहितेय, ते मला माहितेय.”

तरी शेवटचा अडलाच. तिने बाकीचे सैल केले, भोकात तेल सोडलं, प्लेट खांद्याने रेटली. हात भरून आले. ती पुन्हा रेटत राहिली. बोल्ट एकदाचा धरला, तेव्हा तिने सगळे पाळीपाळीने आवळले आणि बाहेर आली.

“बाबा, आपल्याकडे पहार आहे ना? माझ्या फाटकाजवळचा दगड काढायचाय. लोकांच्या गाड्या घासतात.”

बाबा फडक्याने हात पुसत होते. आता ते एकेक बोट पुसू लागले.

“एकटीने निघायचा नाही,” ते शेवटी म्हणाले. “खोल गेलाय तो. बुधवारी मी येतो.”

दादा दोघांकडे बघत राहिला.

“बुधवारी तुम्ही तळ्यावर असता ना?”

“तिथं मासे कुठं लागतात,” बाबा म्हणाले आणि त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला.