पाटी नसलेला जिना

"या गल्लीत ज्याला वाट विचारावी लागते, तो इथला नव्हे रे!"

पन्नास वर्षांपूर्वी, शाईने माखलेल्या हाताने टपली मारत उस्ताद म्हणाले होते. एकोणीस वर्षांचा मेंग गी-बोक उल्जिरो भागातल्या छापखान्यात पहिल्याच दिवशी उशिरा पोचला होता. त्यानंतर त्याने इथे कुणाला वाट विचारली नाही. कागदाचे गठ्ठे खांद्यावर, शाईचे डबे हातात. बोळ न् बोळ त्याच्या पायांनी पाठ केला होता.

आज मात्र विचारावं लागणार होतं.

जेवताना बायको म्हणाली होती, "सो-रानचे बाबा, पोरगी बारची जागा सोडतेय. सोमवारी मालकाला कळवणार. 'अप्पांना माझा धंदा पटत नाही, दोन वर्षांत एकदाही जिना चढले नाहीत,' म्हणाली. बसा आणखी तोंड मिटून!"

अर्धं सूप टाकून त्याने बूट चढवले होते.

छापखाने एकेक करून बंद झाले आणि त्यांच्या रिकाम्या खोल्यांत सो-रानसारख्या पोरांनी बार मांडले. कुणी शाईच्या जागी सरबतं मिसळतं, कुणी दारूत पानं भिजवतं. पाटी मात्र कुणी लावत नाही. ज्याला हवं तो शोधत येईल, असा त्यांचा तोरा. सो-राननेही पाटी लावलेली नव्हती.

नट-बोल्टच्या दुकानावरचा तिसरा मजला. त्याला ठाऊक असलेला हा एकच बार. गी-बोकने दार ढकललं, तसा अंबाडा बांधलेला एक तरुण आतून ओरडला,

"अहो, फुलंवाले काका!"

गिऱ्हाइकांच्या माना वळल्या.

"दोन वर्षांपूर्वी इथंच बसला होतात ना? चार तास! माझ्या ओमिजा फळांच्या पेयाला आंबट म्हणालात आणि तीन प्याले रिचवलेत. कुणाची वाट बघत होतात, ते काही सांगितलं नाहीत."

गी-बोकचे कान तापले. तो सो-रानच्या उद्घाटनाचा दिवस होता. हेच तिचं दुकान, ती येईलच आता, असं समजून तो फुलं सांभाळत बसला होता. शेवटी फुलं तिथंच ठेवून घरी गेला आणि फोनवर तिला म्हणाला, कंबर धरली होती.

"मुलीची," तो म्हणाला. पुढचे शब्द गंजल्यासारखे निघाले. "तिचं दुकान... कुठं आहे रे? 'दुपार' नाव आहे."

"सो-रानताईचं? मागच्या बोळात, तांब्याच्या नळ्यांच्या दुकानाशेजारी. दोन जिने आहेत. उजवा घ्या. डाव्या जिन्यावर तीळवाली मावशी आहे, ती सोडायची नाही."

गी-बोकने डावा घेतला. मुरलेली सवय, त्या बोळात तो नेहमी डावाच घ्यायचा.

भाजलेल्या तिळांचा वास जिन्यातच सामोरा आला. लाल चष्म्याची बाई दारू आणि तिळाचं दूध घुसळत होती. गी-बोकने तिला आपल्या मुलीचं दुकान विचारलं.

"सो-रानचे वडील?" तिचा हात थांबला. "अगंबाई! आम्ही तर समजत होतो, तुम्ही वारलात!"

"अजून नाही."

"मग हे प्या आधी. ती तुमचं नावच काढत नाही हो. काही विचारलं की प्याले पुसत बसते."

पेय गोडसर होतं, जिभेवर मऊ उतरणारं. प्याला संपल्यावर मावशीने त्याला बाहीला धरून खाली आणलं आणि उजव्या जिन्याच्या पायथ्याशी सोडलं.

विजेच्या मीटरवर बोटाएवढा पिवळा ठिपका. एवढीच काय ती खूण. तो जिना चढला.

"या, या," सो-रान सवयीने म्हणाली, आणि हातातलं फडकं तसंच राहिलं. "अप्पा?"

"जागा आहे का बसायला?"

ती नाशपातीचा रस, आलं, सोजू दारू मोजू लागली. बर्फ खुळखुळला. ओतायची वेळ आली तशी तिने उजव्या मनगटाखाली डावा हात धरला. वडिलांना ओतायचं म्हणजे दोन्ही हातांनी. पण गाळणी धरायला हात उरला नाही, आणि पेय फळीवर सांडलं.

"एका हाताने ओत," गी-बोक म्हणाला.

"तुमच्यासमोर?"

"मी गिऱ्हाईक आहे. काम तुझं आहे."

तिने पुन्हा मिसळलं. एका हातात गाळणी, दुसऱ्या हातातून सुतासारखी धार. एक थेंब इकडेतिकडे नाही. गी-बोक बघत राहिला. शाईच्या डब्यावर वाकलेलं स्वतःचं मनगट त्याला आठवलं.

"आलं जास्त झालंय," तो घोट घेऊन म्हणाला.

"ते तसंच हवं, अप्पा."

"मग असू दे." त्याने दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. "सोमवारी मालकाला काही कळवू नकोस."

सो-रानने नजर वर केली. "दोन वर्षं आला नाहीत. आणि आता हे सांगताय?"

त्याने प्याला खाली ठेवला. आजूबाजूला माणसं हसत होती, कुणाचं लक्ष नव्हतं.

"आलो होतो गं. पहिल्याच दिवशी. त्या अंबाडेवाल्याकडे चार तास बसलो, तेच तुझं दुकान समजून. जन्म गेला या गल्लीत, आणि पोरीचा जिना सापडला नाही, हे कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"