बारावा सेकंद

मल्हार खोटं बोलतोय, हे मी रेकॉर्डिंग ऐकायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. पुण्याहून आमच्या शहरात येऊन वर्ष झालं नाही, बेळ्ळंदूरच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसतो, आणि हिमाचलच्या देवदारांत चार दिवस फिरून म्हणे गोल्डक्रेस्ट पक्षी नोंदवून आला. पाच ग्रॅमचा जीव, डोक्यावर पिवळी रेघ. फोटो मागितला तर म्हणतो, "अक्का, फार उंचावर होता. रेकॉर्डिंग आहे ना." हे असलं 'आहे ना' मला पटत नाही.

आमच्या पक्षी मंडळाच्या वहीत फोटो नसेल तर आवाज लागतो, आणि आवाज तपासते मी, वसुमती. सव्वीस वर्षं झाली. पानाआडचा पक्षी मी डोळे मिटून सांगते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

ते रेकॉर्डिंग मी सात वेळा ऐकलं. वारा, कुणाचा तरी खोकला, पुन्हा वारा. "बाराव्या सेकंदाला नीट ऐका," असा वर त्याचा मेसेज. बारावा सेकंदही ऐकला. वाराच. माझी चेष्टा करतोय की काय हा? मी ठरवलं, याला चारचौघांत उघडं पाडायचं आणि मंडळातून काढायचं.

रविवारी सर्जापूर रोडला मंडळातल्या भार्गवीच्या फ्लॅटवर आम्ही सगळे जमलो. मी स्पीकर लावला आणि प्रत्येकाचं तोंड बघत बसले. बाराव्या सेकंदाला भार्गवीची मान वर झाली. तिच्या शेजारी प्रणीत, त्याचीही.

"किती बारीक गातो," भार्गवी म्हणाली.

म्हणजे यांनाही याने आधीच पढवून ठेवलंय. मी काय कच्ची आहे? फोन माझ्याकडे वळवला, स्क्रीन कुणाला दिसू दिली नाही, आणि मधूनच कुठून तरी सुरू केलं. बारावा सेकंद आला. माना पुन्हा वर झाल्या, एकदम.

"खरं कोण बोलणार आहे इथे?" मी विचारलं.

"अक्का म्हणतात ते सरी आहे, अगदी बरोबर," गुरुप्रसाद अण्णा म्हणाले. "नुसता वारा आहे. मलाही काही ऐकू आलं नाही."

अण्णांची तीस वर्षं पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात, प्रेस मशीनच्या खडखडाटात गेली. त्यांच्याशी आम्ही सगळे ओरडूनच बोलतो. मीसुद्धा.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मल्हार खाली बघत होता. माझ्या कानांचं त्याला माझ्याआधीच कळलं असावं. मला इतकी लाज वाटली की पाणी मागायचंही सुचेना.

मग मी वही उघडली. गोल्डक्रेस्ट, पुढे मल्हारचं नाव लिहिलं. तपासणाऱ्याच्या रकान्यात पेन टेकवलं आणि तसंच उचललं. त्या रकान्यात आजवर दुसऱ्या कुणाची सही झालेली नाही.

"भार्गवी, सही तू कर," मी म्हटलं. "न ऐकलेल्या आवाजावर मी सही करत नाही."