गरजेचे पान

परक्याचे दुःख लिहिताना माणसाची लेखणी जपून चालते. आपल्याच माणसाचे दुःख लिहावयास बसले की ती उधळते. वेंडल स्टँपर याची लेखणी अशीच एकदा उधळली, आणि ज्या आत्याने त्याला लहानाचे मोठे केले, तिच्याच अंगावर शाईचे शिंतोडे उडाले.

वेंडल हा राज्याच्या राजधानीत अनुदानांच्या कचेरीत नोकरीस होता. केंद्र सरकारकडे राज्याच्या वतीने अर्ज करावयाचा, पैसा आला की तो काउंटी-काउंटीतून, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांतून, योग्य कामी लागतो की नाही हे पाहावयाचे, आणि पुढे केंद्राची माणसे तपासणीस आली की आपण डोळे उघडे ठेवून पाहिले होते, हे त्यांस दाखवावयाचे, असे त्याच्या कामाचे स्वरूप होते. अर्जामध्ये 'गरज' या नावाचे एक प्रकरण असते व त्यास गुण मिळतात. सगळी राज्ये एकाच ताटाकडे हात पसरून बसलेली. त्यांत ज्याचे रडणे कानाला लागेल त्याच्या वाट्याला घास. म्हणून कचेरीतील वरिष्ठ अर्ज हाती घेताच प्रथम विचारीत, "काय स्टँपर, रड नीट उतरली का?"

सॉरवुड खोऱ्याच्या पाण्याचा अर्ज लिहिताना ती फारच नीट उतरली. खाण बंद पडल्यापासून त्या खोऱ्यातील नळांना गंजासारखे तांबूस पाणी येत असे व लोक पिण्याचे पाणी रस्त्याकडेच्या झऱ्यावरून भरून नेत. एवढे अक्षरशः सत्य होते. परंतु एवढ्यावर गुण मिळतील असा वेंडलला भरवसा वाटला नाही. मग त्याने खोऱ्याच्या वरच्या टोकाला राहणाऱ्या आपल्या ऑर्फा आत्याला डोळ्यांसमोर आणले आणि नाव न घालता लिहिले: 'येथे एक वृद्ध विधवा राहते. तिच्या घरात धड असा एक कप नाही. एकच होता, त्याचाही कान गेला. अंगावर एकुलता एक फाटका कोट. जेवण म्हणजे दुकानी हवाबंद डब्यातील थंड घेवडा. आणि शेजारीपाजारी तिच्या दाराशी फिरकत नाहीत.' पहिले वाक्य सोडले तर यांतील एकही खरे नव्हते, आणि यांतील एकाही वाक्याविषयी त्याने आत्यास विचारले नव्हते.

अनुदान मंजूर झाले. कचेरीत त्या पानाची वाहवा झाली. पहिल्या हप्त्यात नवी जलवाहिनी खोऱ्याच्या पायथ्याच्या चर्चपर्यंत आली. तेथून वर, आत्याच्या घरापर्यंत आणि पलीकडच्या वस्तीपर्यंत, ती दुसऱ्या हप्त्यात जावयाची होती. आणि दुसरा हप्ता केंद्राच्या तपासणीवर अवलंबून होता. तपासणीस आलेल्या ओस्ट्रँडर बाईंचे समाधान झाले तर काम पुढे, न झाले तर चरात टाकलेले नळ हिवाळाभर बर्फाखाली.

वेंडल चालवीत असलेली गाडी खोऱ्यात शिरत असताना शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "वेंडल, नळबीळ नंतर पाहू. मला आधी त्या पानातल्या आजींना भेटायचंय. आमच्या कचेरीतल्या नवीन मुलांना शिकवताना मी ते पान मोठ्याने वाचून दाखवते, माहीत आहे?"

वेंडलने नजर रस्त्यावरच ठेवली. बाईंच्या पत्रात ही इच्छा आली होती, म्हणून त्याने आठवड्यापूर्वी आत्याला फोन केला होता. पण पानात काय लिहिले आहे हे सांगण्याचे धैर्य झाले नाही. "नेहमीसारखीच राहा, आत्या," एवढेच तो म्हणाला. तेव्हा ती उत्तरली होती, "तू नको काळजी करू. मला सगळं ठाऊक आहे." काय ठाऊक आहे, हे विचारण्याचेही त्याने टाळले.

घरासमोर उतरताच त्याची नजर घरावर फिरली. व्हरांड्यातला झोपाळा नव्हता. खिडक्यांवरचे पडदे नव्हते. फाटकाशी उभा असलेला शेजारी हर्शेल गिब्ज त्याच्या कानाशी लागला.

"एकदम निश्चिंत राहा गड्या. काउंटीच्या कचेरीत तुझा अर्ज लोकांना बघायला ठेवलाय ना, तो आम्ही सगळ्यांनी वाचलाय. घर अगदी तसंच लावलंय. शब्दाला शब्द!"

"कुणी सांगितलं तुम्हाला हे करायला?"

"ऑर्फाबाईंनी. म्हणाल्या, पोराची नोकरी आहे, पोराला खोटं पडू द्यायचं नाही."

आत दिवाण, कपाट, रजया, काहीही नव्हते. कपाट जिथे वर्षानुवर्षे उभे होते तिथे भिंतीचा रंग तेवढा ताजा दिसत होता. आत्याच्या अंगात कोपरावर फाटलेला कोट होता. तो हर्शेलचा, गोठ्यात घालावयाचा. जिच्या हातचा सफरचंदाचा थरांचा केक खाण्यासाठी लोक पलीकडच्या डोंगरातून येत, तिने टेबलावर घेवड्याचा उघडा डबा व त्यात एक चमचा ठेवला होता.

"बसा बाई," आत्या म्हणाली व मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत झऱ्याचे पाणी ओतून तिने पाहुणीपुढे ठेवले. "कप नाहीत हो घरात. एकच होता, त्याचाही कान गेला."

आपलेच वाक्य तिच्या तोंडून ऐकून वेंडलला धरणी दुभंगेल तर बरे असे झाले. तिने ते पाठ केले होते. लहानपणी चर्चमध्ये म्हणावयाची वचने ती त्याच्याकडून पाठ करून घेई, तसेच, एक अक्षर न गाळता.

"शेजारी मदत करतात ना थोडीफार?" बाईंनी मृदू स्वरात विचारले.

दारातून हर्शेल म्हणाला, "छे हो! आम्ही कुणी इकडे फिरकतच नाही."

"मग तुम्ही?"

"मी? मी... वाट चुकलो."

एरवी या उत्तरावर आत्या खळखळून हसली असती व 'साठ वर्षं झाली, मेल्या, तुला वाट चुकून' असे तिने त्यास सुनावले असते. आज ती टेबलाच्या लाकडाकडे पाहत राहिली. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी आत्याचा हात हातात घेतला. आत्याने तो हळूच काढून घेतला आणि कोटाच्या बाहीत लपवला. तिची मान लालबुंद झाली होती.

"तुमचा एक फोटो घेऊ का? आमच्या वार्षिक अहवालात छापू. तुमच्यासारख्यांचे चेहरे वर बसलेल्यांनी पाहायला हवेत."

आत्याने होकारार्थी मान हलवली. चर्चच्या सभासदांचा फोटो काढावयाचा तर आदल्या दिवशी झगा इस्त्री करून ठेवणारी ती बाई, फाटक्या कोटाची गुंडी लावून सरळ बसली. फक्त एकदाच तिने वेंडलकडे पाहिले.

"थांबा," वेंडल म्हणाला.

तो उठला तो तडक हर्शेलच्या कोठारात गेला. तेथे ताडपत्रीखाली आत्याचा सगळा संसार रचलेला होता. निळ्या फुलांच्या कपांचे खोके उचलून तो परत आला आणि त्याने ते टेबलावर, घेवड्याच्या डब्याशेजारी ठेवले.

"हे आत्याचे आहेत. कपाट, पडदे, कोट, सगळं तिकडे आहे. आणि ही माझी सख्खी आत्या आहे. मी लिहिलं ते खोटं होतं, बाई. फक्त पाणी खरं आहे."

ओस्ट्रँडर बाईंनी फोटोसाठी काढलेला फोन पर्समध्ये ठेवला, उठून स्वतः नळ सोडला, ते तांबूस पाणी हातावर घेऊन पाहिले आणि बाटलीत भरले.

"पाणी मी पाहिलं," त्या म्हणाल्या. मघाचा ओलावा आवाजात उरला नव्हता. "पण गुण त्या पानालाही मिळालेत. नवं पान पाठवा, आधीचं खोटं होतं हे त्यात लिहून, तुमच्या सहीने. वरचे लोक काय ठरवतील ते मला सांगता येणार नाही. तोपर्यंत हप्ता थांबेल." मग आत्यापुढे किंचित वाकून त्या म्हणाल्या, "येते मी." आणि गाडीकडे गेल्या.

वेंडलला वाटले, निदान छातीवरचा दगड तरी उतरला. परंतु तो उतरला नव्हता. तो केवळ दुसऱ्याच्या छातीवर गेला होता.

"झालं तुझं समाधान?" आत्याने विचारले.

"आत्या, मला बघवेना गं."

"तुला बघवेना. हं. मला मात्र बसवत होतं तिथे." ती कोटाच्या गुंड्या सोडू लागली. "मी तिच्यापुढे गरीब होते. गरिबीची लाज या खोऱ्यात कुणाला वाटलीय? आता मी खोटारडी झाले. पाहुणीला खोटं सांगून बरणीत पाणी पाजलं मी. लिहिताना तू मला विचारलं नाहीस. मला वाटलं, असू दे, पोर अडचणीत असेल. मग आज सांगून टाकताना तरी विचारायचं होतंस."

"मी नवं पान लिहितो. तू सांगशील तसंच लिहितो."

आत्या दाराकडे वळली.

"हर्शेल, कपाट आण रे आधी. अंधार पडायच्या आत घर लागलं पाहिजे."

कपाट जड होते. हर्शेलने एक बाजू धरली व वेंडलने मुकाट्याने दुसरी. अंगण ओलांडून, पायऱ्या चढून, दारातून तिरपे करीत त्यांनी ते आत घेतले. आत्या भिंतीशी उभी राहून दाखवीत होती.

"हर्शेल, त्याला सांग, खालून धर म्हणावं. पाय मोडेल कपाटाचा."

"खालून धर," हर्शेल खाली मान घालून म्हणाला.

वेंडलने खालून धरले. कपाट आपल्या जागी बसले. तो पुढच्या आज्ञेची वाट पाहत उभा राहिला. झोपाळा आणावयाचा होता, पडदे टांगावयाचे होते, आणि ती सांगेल ते सर्व करण्यास तो रात्रभरही तयार होता.

"हर्शेल," आत्या म्हणाली, "त्याला सांग, बाई गाडीत थांबल्यात."