पिवळ्या थराखाली

बर्फरावांना उत्खननाच्या खड्ड्यापर्यंत आणायचं म्हणजे एक दिव्यच होतं. गुडघे गेलेले, मागच्याच वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालेलं, आणि राग तर जन्मापासून नाकाच्या शेंड्यावर! बर्फराव हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं, पण चपखल बसलेलं. अमेरिकेत पहिली माणसं आशियातून चालत आली, हिमयुग ओसरताना दोन प्रचंड हिमनद्यांच्या मधे वाट मोकळी झाली तेव्हाच आली, त्याआधी तिथे माणसाची सावलीसुद्धा पडली नव्हती, हे म्हाताऱ्यानं उभा जन्म ठणकावून सांगितलं होतं.

त्यांची लेकही उत्खननातलीच, पण निघाली नेमकी विरुद्ध पक्षाची. माणसं त्याच्या कितीतरी आधी आली, होड्यांतून, किनाऱ्याकिनाऱ्यानं, मासे-शिंपले खात आली, असं तिचं म्हणणं. म्हणून बाबा तिला खेकडी म्हणत. घरी जेवायला बसलं की दोघं भांडी सरकवून नकाशा मांडायची, मिठाची बाटली म्हणजे आशिया. आई वैतागायची, "अहो, पोचली ना ती माणसं एकदाची? मग जेवा आता!" आई गेली आणि भांडण सोडवायलाही कुणी उरलं नाही. हळूहळू बापलेकीचं बोलणं औषधं घेतली का, झोप लागली का, एवढ्यावर आलं. लेकीला ते फार लागायचं.

अमेरिकेतला हा खड्डा बाबांनीच तरुणपणी खणलेला. खाली पिवळी चिकणमाती लागली की ते थापी झटकून ओरडायचे, "संपली माणसं! चला चहाला!" कारण पिवळा थर बर्फातली वाट मोकळी व्हायच्या आधीचा. तिथे कोण असणार? कुणी नसणार म्हणून खणायचं नाही, आणि खणलं नाही म्हणून काही सापडायचं नाही. आता सांगा, याला काय म्हणावं! पण एक गोष्ट त्यांनी चोख केली होती. पुढच्यांना पडताळता यावं म्हणून चांगला खणणारा कडेची एक पट्टी तशीच राखून ठेवतो. ती त्यांनी राखली होती. अशा पट्टीला हात लावायचा तर ज्यानं राखली त्याला विचारायचं, ही या धंद्यातली रीत.

लेकीनं फोन केला. बाबांनी पट्टी कुठली, किती खोल जाणार, सगळं विचारून घेतलं. मग बाबा म्हणाले, "खण. पण माझ्यासमोर."

तर आता बर्फराव छत्रीखाली खुर्ची टाकून काठावर बसले होते आणि लेक खाली गुडघ्यांवर. पिवळा थर संपला. खाली काळपट माती लागली. काही सापडावं म्हणून तिचा जीव वरखाली होत होता, आणि सापडलं तर बाबांचं काय, म्हणून ती सारखी वर पाहत होती. तेवढ्यात थापी टणकन वाजली.

दोन बोटांएवढा दगड. दोन्ही कडांना एकसारखे टवके काढून धार केलेली. हे काम पाण्याचं नाही, बर्फाचं नाही, माणसाच्या हाताचं! तिनं वर पाहिलं. बाबा पाण्याबरोबर हृदयाची गोळी घेत होते. तिची सगळी विद्या गेली कुठल्या कुठे, आणि तिनं दगड उचलून मुठीत दाबला.

"काय गं?"

"काही नाही बाबा. खडा आहे."

"औषधाची गोळी अशीच लपवायचीस लहानपणी," बाबा म्हणाले आणि नको नको म्हणताना शिडी उतरून खाली आले. "मूठ उघड."

तिनं उघडली. बाबांनी दगड उलटसुलट करून पाहिला, कडेवरून अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा पार उतरला. मग एकदम कडाडले, "जागेवरून उचललास? फोटो नाही, माप नाही? अगं कार्टे, उद्या माझ्यासारखा एखादा थेरडा म्हणेल, वरून घरंगळून पडला असेल!"

"तुम्हाला सोसलं नसतं, बाबा," ती हुंदका देत म्हणाली.

"माझ्या हृदयाची काळजी डॉक्टरांना करू दे. तू दगडाची कर." बाबा कण्हत खाली बसले, मातीला नाक लागेल इतके वाकले. "मातीत दगडाचा ठसा शाबूत आहे. कॅमेरा आण. आणि परत ठेवू नकोस त्यात, ते खोटं होईल. घाबरून उचलला असंच सांगायचं. साक्षीला मी आहे."

"तुम्ही?"

"मग कोण? बर्फरावानं पाहिलं म्हटल्यावर कोण तोंड उघडेल?" त्यांनी बाहीनं डोळे पुसले आणि लगेच बोट उगारलं. "पण होडीनंच आली कशावरून? ते यातून सिद्ध होत नाही हं, खेकडे!"

ती रडता रडता हसली. किती वर्षांनी ते तिच्याशी भांडत होते!

फोटो झाले, मापं झाली. बाबांनी तिच्या हातातली थापी काढून घेतली आणि शेजारची माती हलक्या हातानं खरवडायला लागले. वरून कुणीतरी हाक मारली, चहा झालाय.

"थांबा म्हणावं," बाबा मान वर न करता म्हणाले. "माणसं अजून संपली नाहीत."