तारीख नसलेला जन्म

“ताई, तारीख सांगा,” तारीखवाले काका म्हणाले, आणि चहाचा कप तोंडाशी नेता नेता आमच्या सासूबाई थांबल्या.

“कसली तारीख?”

“नव्या जन्माची. सुनेबरोबर पाण्यात उतरणार ना तुम्ही? मग आधी मंडळीपुढं तुमची साक्ष व्हायला हवी. कधी, कसं, सगळं सांगायचं. तसं ठरलंय आता.”

सासूबाईंनी कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर भीतीबिती नव्हती, पण घरभर शोधूनही वस्तू सापडत नाही तेव्हा माणूस जसा दिसतो, तशा त्या दिसत होत्या.

विषय माझ्या बाप्तिस्म्याचा होता. आमच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा मोठेपणी घेतात, आपल्या समजुतीनं. वेदीच्या खाली एक टाकी आहे. तिच्यात उतरायचं, आपल्याला पाण्यात बुडवायला एका बाजूला पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आणि दुसऱ्या बाजूला आपण निवडलेलं माणूस. मी लग्न होऊन या घरात आले ती चर्चची पायरी न चढलेली. नंतर इतकी वर्षं नवऱ्याशेजारी बाकावर बसले, ऐकलं, भांडले, पुन्हा ऐकलं. आता माझ्या मनानं घेतलं होतं. आणि माझं माणूस ठरलेलं होतं. सासूबाई.

तारीखवाल्या काकांबद्दल सांगायला हवं. माणूस मनानं सोन्यासारखा, पण त्यांच्या नव्या जन्माची तारीख अख्ख्या चर्चला पाठ. दरवर्षी त्या दिवशी ते पेढे नाहीतर केक वाटतात आणि साक्ष देतात. त्यांचा ट्रक उलटला होता आणि खाली अडकलेले असताना त्यांनी देवाला हाक मारली होती. नवरा म्हणतो, पहिल्या वर्षी तो ट्रक नुसता कलंडला होता, आता दरीत जातो. ते जाऊ दे. हाक खरी होती. त्यानंतर या माणसानं दारूला हात लावला नाही, हेही खरं.

आणि मी तरी कुठली शहाणी! लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात चर्चमधल्या एक बाई मला म्हणाल्या, “मला इथंच नवा जन्म मिळाला.” मी लगेच त्यांचा हात धरला आणि कळवळून विचारलं, “अगं बाई! कसलं ऑपरेशन होतं?” आमच्याकडं माणूस मरता मरता वाचलं, दवाखान्यातून घरी आलं, की म्हणायचे नवा जन्म झाला. दुसरा अर्थ मला कुणी सांगितलाच नव्हता. त्या बाई इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. पुढं कितीतरी दिवस मी ‘ऑपरेशनवाली सून’ होते. त्या दिवशी घरी येताना मी रडकुंडीला आले होते, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “हसू दे. तुझं काही चुकलं नाही. ऑपरेशनच असतं ते. फक्त भूल देत नाहीत.”

असं बोलायच्या त्या. एकच वाक्य, आणि पुढं चालायला लागायच्या.

सासूबाई सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात आया होत्या. गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. रविवारी कुणाला ड्यूटी नको असायची, ती यांच्या गळ्यात. उपासनेला आल्याच तर अर्धी संपल्यावर यायच्या, शेवटच्या बाकावर बसायच्या, फिनाईलचा वास येत असायचा. त्यामुळं पुढं बोलावून ‘तुमची साक्ष द्या’ असं त्यांना कधी कुणी म्हटलंच नव्हतं.

काका गेल्यावर त्या मला म्हणाल्या, “तू दुसरं कुणीतरी बघ. माझ्याकडं तारीख नाही.”

मला राग आला. मी बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसते. दिवसभर लोक मला वेळा विचारतात आणि मी सांगते. नसेल माहीत तर ठोकून देते आणि मग बस येईपर्यंत जीव मुठीत धरून बसते. मी सासूबाईंना म्हटलं, सांगा ना कुठलीतरी. तुमच्या बहिणीला, मावशींना शिलाई मशीन परत केलंत तो दिवस सांगा. कोण विचारायला येतंय?

“देवाच्या घरात खोटी तारीख सांगू?” त्या म्हणाल्या.

पण दुसरं कुणी मला नकोच होतं, आणि त्याला कारण आहे. माझे आईवडील लहानपणीच गेले, मी मामाकडं वाढले. मामीनं उपाशी ठेवलं नाही, मारलंही नाही, खोटं कशाला बोलू. पण शाळेतून घरी गेले की ती दाराकडं बघून फक्त ‘आली’ म्हणायची. पाहुण्यांना सांगितल्यासारखं, की बघा, आहे अजून.

मग माझं बाळंतपण झालं, सासूबाईंच्याच वॉर्डात. छकुली बाहेर आली आणि रडेना. डॉक्टरीणबाईंनी नाळ कापली, तोंड साफ केलं आणि पोर सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी तिला टॉवेलात घेतलं आणि पाठ चोळायला लागल्या, खालून वर, खालून वर, चांगली रगडून. आजी असली तरी हात हलका पडला नाही. आणि छकुलीनं टाहो फोडला. सासूबाई मला म्हणाल्या, “रडली. रडली म्हणजे काळजी नाही.” मग तोंड तिच्या कानाशी नेऊन हळूच म्हणाल्या, “आलीस? बरं झालं आलीस.”

मला वाटलं, नातीचं कौतुक. नंतर तिथं पडल्या पडल्या ऐकलं, त्या प्रत्येक पोराला तेच म्हणत होत्या. कुणाचं काळं, कुणाचं गोरं, कुणाचं बाप नसलेलं, मुलगी झाली म्हणून बाहेर तोंडं पाडून बसलेल्यांचं. सगळ्यांना. आलास? बरं झालं आलास. मी भिंतीकडं तोंड करून रडले. मला हे कुणीच म्हटलं नव्हतं. ज्या देवाचं माणूस परक्याच्या पोराला असं म्हणतं, तो देव एकदा बघू तरी, असं माझ्या मनात आलं ते तिथं.

म्हणून मला पाण्यात सासूबाईच हव्या होत्या. त्या नसतील तर मी उतरणार नाही, असं मी नवऱ्याला सांगून टाकलं. तो म्हणाला, तू देवाशी पण खिडकीतून बोलतेस.

त्या आठवड्यात पाळकांनी आम्हा बाप्तिस्मा घेणाऱ्यांना बसवून समजावलं. पाळक नवे होते, वयानं आमच्याच बरोबरीचे. ते म्हणाले, नवा जन्म म्हणजे पुनर्जन्म नव्हे, हे आधी डोक्यातून काढा. मेल्यावर दुसरं शरीर मिळणं नाही. याच शरीरात, याच घरात, याच नोकरीत माणूस आतून नवा होणं. आणि तो आपल्या जोरावर होत नाही. बाळ स्वतःला जन्माला घालत नाही, तसं. मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या भांडी पुसत होत्या. म्हणाल्या, “बरोबर आहे त्यांचं. कळा आईलाच सोसाव्या लागतात. देवानं सोसल्या.”

मी म्हटलं, एवढं कळतंय तर हेच सांगा की पुढं उभ्या राहून. पण त्यांनी हातातलं भांडं फळीवर ठेवलं. गुडघे दुखतात म्हणून जाऊन पडल्या. त्यांनाही पाण्यात उतरायचं होतं. ट्रंकेतून पांढरा झगा काढून त्यांनी उन्हात टाकलेला मी बघितला होता.

रविवार आला. काकांनी नाव पुकारलं आणि सासूबाई शेवटच्या बाकावरून उठून पुढं गेल्या. चर्च भरलेलं. काकांनी माईक पुढं धरला, तो त्यांनी हातानं बाजूला केला.

“मला तारीख नाही,” त्या म्हणाल्या. “माझ्या पहिल्या जन्माचीही नाही. शाळेत घालताना गुरुजींनी एक लिहिली, तीच चालली. मी आधी वाईट होते. वॉर्डात कळा देणाऱ्या बायकांवर ओरडायचे, मांडीवर फटका मारायचे. सख्ख्या बहिणीशी बोलत नव्हते. प्रार्थना करायचे तेव्हा, पण ती पाठ केलेली. मग हळूहळू हात उचलेना. शिवी तोंडात यायची आणि बाहेर पडायची नाही. मी काही केलं नाही. कधीपासून झालं ते आठवत नाही. आता सकाळी उठलं की देवाची भूक लागते, एवढंच कळतं. मेलेल्या माणसाला भूक लागत नाही.”



काकांची पंचाईत झाली. त्यांनी मायेनंच विचारलं, एखादा दिवस, एखादा प्रसंग, थोडं आठवून बघा. मी बाकावरून हातानं शिलाई मशीन चालवल्यासारखी खूण करत होते. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं, खरंच आठवून बघितलं, आणि मान हलवली. “नाही हो.”

गेलं, मी मनात म्हटलं. आता हे दुसऱ्या कुणाला तरी माझ्या गळ्यात बांधणार. आणि तरी, खरं सांगते, मला त्या बाईचा इतका अभिमान वाटला की बाकावर बसवेना. एक थाप मारली असती की काम झालं असतं. एवढ्या लोकांपुढं, सुनेसाठी, कुणीही मारली असती.

तेवढ्यात मधल्या रांगेतून मावशी उठल्या. मावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण. शिवणकाम करतात, शरीरानं थोराड, बोलायला फटकळ. चर्चला येतात त्या सणासुदीला, त्या दिवशी बहिणीची साक्ष ऐकायला आल्या होत्या.

“तारीख मलाही माहीत नाही,” मावशी म्हणाल्या. “पण मी सांगते. आमची आई गेली तेव्हा तिचं मशीन हिनं उचलून नेलं. मी शिवणारी, आणि मशीन हिच्याकडं धूळ खात. मी मागायला गेले तर हिनं दार माझ्या तोंडावर आपटलं, माझी बोटं चेंगरली. हे बघा, नख अजून वाकडं आहे. वर्षानुवर्षं बोलणं नाही. मग एक दिवस ही हातगाडी स्वतः ढकलत माझ्या दारात. मशीनला तेल दिलेलं, नवा पट्टा घातलेला. म्हणाली, माझं चुकलं, घे. मी तोंडाला येईल ते बोलले हिला, सगळ्या गल्लीनं ऐकलं. ही उभी राहिली. ऐकून घेतलं आणि म्हणाली, सुई पण नवी आहे. माझी बहीण होती ती आधीची, तिला मी चांगली ओळखते. ही ती नाही. आधीची कुठं गेली ते मला नका विचारू, आणि कृपा करून शोधूही नका.”

हसू फुटलं. पाळकही हसले. मावशी बसल्या, त्यांचे डोळे भरलेले होते आणि त्या वाकडं नख दुसऱ्या हातानं झाकत होत्या.

काका माईक घेऊन तसेच उभे. मग त्यांनी सासूबाईंना विचारलं, माईकमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “माझी नात तुमच्याच हातात आली होती ना, ताई?” सासूबाई म्हणाल्या, हो, पायाळू होती. काकांनी मान डोलावली आणि जाऊन जागेवर बसले. त्या दिवशी त्यांनी ट्रकचं नाव काढलं नाही.

सगळे पाळकांकडं बघायला लागले. पाळकांनी चर्चच्या रखवालदाराला हाक मारली. “पुढच्या रविवारी टाकीत पाणी जरा कमी भरा. ताईंचे गुडघे दुखतात.”

तेवढंच. मग गाणं सुरू झालं.

पुढच्या रविवारी पाणी गार होतं. सासूबाई कठड्याला धरून एक एक पायरी उतरल्या. झगा त्यांना लांब होता, मावशींनी आदल्या दिवशी खालून दुमडून शिवला होता, आपल्या आईच्या मशीनवर. टॉवेल घडी करून सासूबाईंनी टाकीच्या काठावर ठेवला. मला वाटलं, कोरडं होताना लागेल म्हणून. पाळकांनी मला विचारायचं ते विचारलं, मी उत्तरं दिली, आवाज माझा खिडकीतला असतो तसा खणखणीत. मग पाळकांनी एका बाजूनं धरलं, सासूबाईंनी दुसऱ्या बाजूनं, आणि मी पाण्याखाली गेले.

खाली काहीच ऐकू येत नव्हतं. पाठीखाली फक्त त्यांचा हात होता, वॉर्डात राबून खरखरीत झालेला.

मी वर आले ती ठसकत, नाकातोंडात पाणी. कुणीतरी मला पायरीवर बसवलं आणि टॉवेल अंगावर पडला. सासूबाई माझी पाठ चोळायला लागल्या. खालून वर, खालून वर, चांगली रगडून. मग तोंड माझ्या कानाशी आणलं.

“आलीस?” त्या म्हणाल्या. “बरं झालं आलीस.”

मी रडायला लागले. हळू नाही, भोकाड पसरून, अख्ख्या मंडळीपुढं, दोन्ही हात तसेच ओले लोंबत. गाणं म्हणणारे थांबले. पाळक घाबरले, वाकून विचारायला लागले की काय झालं, कुठं लागलं का.

“काही नाही,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा हात थांबला नव्हता. “रडू दे. रडली म्हणजे काळजी नाही.”